खोलीचा रंग

आमच्या घराला झोपायची खोली नव्हती. तुम्ही म्हणाल, मग झोपत कुठं होता? जिथं जागा मिळेल तिथं. बाप्ये ओटीवर, बाया-पोरी माजघरात, म्हातारी माणसं चुलीच्या उबेला आणि गुरं दारातनं आत आलं की उजव्या हाताला. आंबवड्यासारख्या डोंगराच्या पोटातल्या गावात पाऊस असा कोसळायचा, की माणसांनी नि जनावरांनी एकाच छपराखाली राहण्यात शहाणपण होतं. रात्री बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली की आजोबा झोपेतच "हां, हां" म्हणायचे आणि बैल गप व्हायचा. सगळं घर एकमेकांचे श्वास ऐकत झोपायचं. त्यात अमुक खोली झोपायची आणि तिला अमुक रंग, ही गोष्ट कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

तशी खोली आमच्या घरात आली ती माझ्या वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. तिच्या रंगावरनं घरात जे झालं ते लिहून ठेवावंसं वाटलं. गोष्ट लहान आहे. पण माझे डोळे उघडले ते त्या लहान गोष्टीनंच.

आधी आमच्याकडं रंग म्हणजे काय होतं ते सांगतो. भिंती मातीच्या. लाल माती, भाताचं तूस आणि शेण पायानं तुडवून एकजीव करायचं आणि त्याचा गिलावा. दिवाळीच्या तोंडावर पाऊस उघडला की आई चुना भिजवायची. चुनकळीचे खडे पिंपात टाकून वर पाणी ओतलं की खाली जाळ नसताना ते पाणी रटरटा उकळायला लागायचं. आम्हा पोरांना ती जादूच वाटायची. आई काठी घेऊन लांब हाकलायची, कारण त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळाच जायचा. पुढं दहावीला विज्ञानाच्या मास्तरांनी फळ्यावर सांगितलं, की चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, पाणी घातलं की तो विरतो, आणि भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन परत चुनखडीच होतो. मी वर्गात बसल्या बसल्या चाट पडलो. म्हणजे माझी आई दर दिवाळीला घराच्या भिंतीवर दगडाचा एक पापुद्रा चढवत होती, आणि तिला वाटत होतं आपण नुसतं पांढरं करतोय.

कुंचा घरचाच. घायपाताचं पान दगडावर ठेचायचं, मऊ झालं की झाला कुंचा. चुना अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी, आणि पांढरा रंग उठून दिसावा म्हणून कपड्याला घालतात ती नीळ चिमूटभर. खालच्या बाजूला वीतभर काव किंवा गेरूचा पट्टा, म्हणजे सारवताना शेणाचे शिंतोडे उडाले तरी दिसत नाहीत. झालं रंगकाम. आईचे हात मग आठ दिवस तडकलेले असायचे, ती रात्री खोबरेल लावून बसायची.

रंगांची आम्हाला तशी वाण नव्हती. वर रायरेश्वराचं पठार आहे. शिवाजीमहाराजांनी स्वराज्याची शपथ घेतली असं सांगतात ते. त्या पठारावर एका जागी सात रंगांची माती सापडते. तांबडी, पिवळी, पांढुरकी, जांभळट, अशी एकाला एक लागून. लहानपणी आम्ही पोरं वर गेलो की चड्डीच्या खिशात मूठमूठ भरून आणायचो, आणि खाली येईस्तोवर सगळ्याची मिळून एकच तांबूस माती झालेली असायची. मला तेव्हा वाटायचं, जगातले सगळे रंग रायरेश्वरावरनंच खाली जातात.

एक दिवाळी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. पाऊसपाणी बरं झालं होतं, भात पिकलं होतं. आईनं माजघराच्या चुन्यात नीळ चिमूटभर न घालता पुडीच्या पुडी घातली. संध्याकाळी आम्ही शेतावरनं आलो तर माजघर निळंशार. आजी कडाडली, "हे काय मोराचं पिसारं करून ठिवलंय?" आई काहीच बोलली नाही. कंदील खुंटीला लावला आणि भाकरी थापायला बसली. पण भाकरी थापता थापता ती मधनंच मान वळवून त्या भिंतीकडं बघत होती. पुढच्या वर्षी भिंत परत पांढरी झाली. आईनं स्वतःच्या मनानं घरात केलेली तेवढी एकच गोष्ट मला आठवते.

बाकी आमच्याकडं रंग असायचा तो लोकांसाठी. लग्न निघालं की पुढची भिंत रंगवायची. दारावर गणपती, बाजूला नवरा-नवरीची नावं. रस्त्यावरनं जाणाऱ्याला कळलं पाहिजे, या घरात लग्न झालंय. उरलेला रंग आत. तो पुरला तर पुरला, नाही तर माजघराची एक भिंत तशीच राहायची. माझ्या लग्नात, १९८४ साली, आमच्या दारावर तांबड्या ऑइल पेंटनं नावं लिहिली होती, ती पुढं पंधरा वर्षं पुसली गेली नाहीत. आणि ज्यांची नावं होती त्या दोघांना झोपायला जागा होती भाताच्या कणगीमागं, मध्ये एक गोधडी आडवी बांधून. कणगी रिकामी होत जायची तसतशी आमची भिंत खाली यायची. हे आता हसून सांगतो, तेव्हा हसू येत नव्हतं.

तर ही नवी खोली. ती का बांधली ते सांगायला जरा जड जातं, पण सांगतो.

माझा मुलगा चौतीस वर्षांचा आहे. शेती करतो. त्याचं लग्न जमत नाही. हे वाचणाऱ्या गावाकडच्या माणसाला पुढं काही सांगायची गरज नाही. प्रत्येक आळीत अशी चार-पाच पोरं आहेत. पोरीचा बाप स्वतः शेतकरी, तरी त्याला जावई नोकरीवालाच पाहिजे. मी त्यालाही दोष देत नाही. त्यानं आपल्या बायकोचे हात बघितलेले असतात.

आमच्या पोराला नोकरी होती. शिरवळला एका कंपनीत कंत्राटावर होता. मी झाडावरनं पडलो, कंबर धरली, म्हणून दोन महिन्यांसाठी घरी आला तो आता सात वर्षं झाली. मी त्याला राहा म्हटलं नाही. पण जा असंही म्हटलं नाही. भात लावणीला आलं होतं, गाय व्यायला झाली होती, आणि माझं तोंड शिवल्यासारखं झालं होतं.

दोन वर्षांमागं वाईकडनं एक स्थळ आलं. चहापोहे झाले, पत्रिका जुळत होती. मुलीची आई घर बघायला उठली. ओटी बघितली, स्वयंपाकघर बघितलं, आणि मग हळूच आमच्या मंडळींना विचारलं, "आणि बेडरूम?" आमची ही गोंधळली. म्हणाली, "आहे की, सगळीकडंच झोपतो." आठ दिवसांनी मध्यस्थाकडनं निरोप आला, पुढं बघा.

मी ते मनाला लावून घेतलं. गोठ्याची जागा मोकळी होती, गुरं मागच्या शेडात गेली होती. सोसायटीचं कर्ज काढलं आणि तिथं दहा बाय बाराची खोली चढवली. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, पश्चिमेला मोठी खिडकी. गवंडी म्हणाला, एक पावसाळा खाऊ द्या भिंतींना, मग रंगवा. नव्या गिलाव्यात ओल असते, वरनं रंग मारला की पापुद्रे सुटतात. आम्ही पावसाळा जाऊ दिला. आणि मग आमची खरी कसोटी लागली.

भोरला रंगाच्या दुकानात मी आणि ही गेलो. पूर्वी दुकानाबाहेर तो झुलपीवाला पोरगा असायचा, हातात रंगाचा ब्रश घेतलेला. गट्टू. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला. त्याला बघून दुकान ओळखायचं. आता गट्टू गेला, आत कॉम्प्युटर आला. दुकानातल्या पोरानं शेड कार्डाचं बाड पुढ्यात टाकलं. शंभर तर नुसते पांढरे. प्रत्येकाला नाव आणि नावाखाली नंबर. मी एका पांढऱ्यावर बोट ठेवून म्हटलं, "हा आणि हा यात फरक काय?" तो म्हणाला, "काका, हा वॉर्म आहे, हा कूल आहे." मी म्हटलं, "बरं."

ही मात्र खुशीत होती. बायकांना रंगांची नावं लुगड्यांवरनं ठाऊक. "चिंतामणी आहे का? गुलबक्षी? अंजिरी? मोतिया?" पोरगं म्हणालं, "मावशी, कोड सांगा, मशीन कोडवर चालतं." मग त्यानं मशीन दाखवलं. पांढऱ्या बेसच्या डब्यात वेगवेगळ्या नळ्यांतनं थेंब थेंब रंग पडतो आणि डबा गरगर हलवला की तयार. थेंबांचा हिशेब कॉम्प्युटरकडं. आमची ही म्हणाली, "आमची सासू चिमटीनं नीळ घालायची, तिचा कॉम्प्युटर बोटात होता." पोरगं हसलं. पण अबोलीचा कोड काही निघेना. शेवटी तिनं कार्डावरचा एक तुकडा धरला, "ह्यो अबोलीच्या जवळचा हाय, ह्योच घ्या."

मला बदामी हवा होता. का म्हणाल, तर रस्त्याकडच्या बंगल्यात बदामी आहे, आणि तिथं आलेले पाहुणे घर चांगलं आहे म्हणतात. मध्यस्थाला फोन केला, तर तो म्हणाला, "फिका गुलाबी मारा, आजकालच्या मुलींना आवडतो." रंगारी म्हणाला, "लाइट मारा, खोली मोठी दिसती." प्रत्येकाचा वेगळा रंग. छोट्या डब्या आणून रंगाऱ्यानं भिंतीवर हातहात भराचे चौकोन मारले. तेव्हा एक गोष्ट कळली ती सांगून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडेल. कागदावर फिका दिसणारा रंग भिंतीवर गडद होतो. चार भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात, आणि मध्ये उभ्या माणसाला तो दुप्पट लागतो. सकाळी बघितलेला बदामी दुपारी पिवळा झाला, आणि रात्री एलईडीच्या पांढऱ्या दिव्यात मेलेल्या माणसाच्या कातडीसारखा दिसायला लागला. अबोली दुपारी छान, रात्री राखाडी. आमचं दोघांचं रोज भांडण.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो काही बोलेना. "तुला कुठला आवडतो?" विचारलं तर म्हणायचा, "कुठलाही मारा." खोली तयार होऊन सहा महिने झाले तरी तो तिथं झोपायला गेला नव्हता. जुन्या माजघरातच पडायचा, तेही अवेळी, सकाळी नऊ-दहाला. मला वाटायचं, पोरगं रुसलंय. लग्नासाठी बांधलेली खोली त्याला टोचते. आणि मला आत कुठं तरी वाटायचं, ते आपल्यावरच रुसलंय. ते मी कुणाला बोललो नाही.

असं एक महिना चाललं. मग पौषातली एक रात्र. शेतीच्या मोटरला थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, दहाला येणार ती सकाळपर्यंत. गव्हाला पाणी चाललं होतं. पोरगं रात्री शेतावर. ही म्हणाली, "आवं, बिबट्या हिंडतोय म्हणत्यात, जरा बघून या. आन् चहा घिऊन जा." मी थर्मास आणि बॅटरी घेऊन निघालो. रात्रीचा एक वाजला असेल.

तो बांधावर पोतं अंगावर घेऊन बसला होता. पायात चिखल, फावडं शेजारी. चहा ओतला. दोघं गप्प. आमच्यात बोलायची पद्धत नाही, कामाचंच बोलतो. पाणी दुसऱ्या वाफ्यात फोडून तो परत आला, तेव्हा मी काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आरं, रंगाचं काय करायचं? रंगारी शुक्रवारी येतो म्हणतोय."

तो म्हणाला, "आबा, खोली कुणाची हाय?"

"तुझी."

"मग बघायला येणारांना कशाला इचारताय?"

मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, "तू सांग की मग. सांगत न्हाईस म्हणून तर..."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला गडद रंग पायजे. लई गडद. आबा, एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की मी सकाळी आठाला धार काढून मोकळा होतो आन् मग पडतो. त्या खोलीत पश्चिमेची एवढी मोठी खिडकी, भिंती पांढऱ्याफेक. दुपारी डोळ्यावर ऊन पडतं, झोपच लागत न्हाय. माजघरात अंधार हाय म्हणून तिथं पडतो. दोन वर्षं झाली, मला सलग चार तास झोप न्हाय."

एवढंच. ज्याला मी सहा महिने रुसवा समजत होतो, ती झोप होती. पोरगं झोपेविना होतं, आणि मी बदामी का अबोली करत बसलो होतो.

माझ्या तोंडून निघून गेलं, "कंपनीत असतास तर हे तरी नसतं. लग्नही झालं असतं." सात वर्षं घशात अडकलेलं वाक्य ते. तो फावडं उचलत म्हणाला, "तिथंबी रातपाळीच व्हती, आबा." आणि पाणी बघायला गेला. मी अंधारात एकटाच हसलो आणि मग डोळे पुसले. थंडीनं पाणी येतं डोळ्यांना, असं समजा.

परत येताना विचार करत होतो. आपल्याला घर म्हटलं की बघणारा दिसतो. पुढची भिंत रंगवायची, आतली राहिली तरी चालेल, हे आपल्या हाडात आहे. माणूस घरात राहतो तो पाहुणा येण्याच्या वेळेपुरता नाही, हे कळतं, पण वळत नाही. सगळ्या घरात एकच जागा अशी, की जिच्या भिंती फक्त तिथं पडलेला माणूस बघतो, दिवा मालवायच्या आधी आणि डोळा उघडल्यावर. तिथं तरी त्याचं चालायला पाहिजे. मी मात्र त्या भिंतीवर वाईच्या बाईंच्या डोळ्यांनी रंग शोधत होतो. त्या बाई येऊन गेल्या एकदा, पाऊण तासासाठी.

खरं म्हणजे लोकांच्या डोळ्यांचा काही भरवसा नसतो, हेही मला माहीत असायला हवं होतं. आमच्या गावात नागेश्वराच्या दर्शनाला, संस्थानच्या काळातला झुलता पूल बघायला, कान्होजी जेधे नि जिवा महाला यांच्या समाधीवर डोकं टेकायला पुण्यामुंबईची माणसं येतात. त्यातल्या एका बाईंनी आमच्या जुन्या मातीच्या भिंतीचा फोटो काढला होता. "किती सुंदर शेड आहे," म्हणाल्या. आम्ही त्याच भिंतीची लाज वाटून तिच्यापुढं टेम्पोची ताडपत्री टांगली होती, ती त्यांनी बाजूला करायला लावली.

दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन भोरला गेलो. त्यानं बाड चाळलं नाही. बाहेर आला, डोंगराकडं बघितलं, परत आत जाऊन गडद निळ्यांच्या पानावर बोट ठेवलं. वळवाचा पाऊस यायच्या आधी डोंगरावर आभाळ दाटतं, तसा निळा. दुकानातलं पोरगं म्हणालं, "दादा, एवढ्या गडदला वेगळा बेस लागतो, आणि हात जास्त मारायला लागतात." हिशेब केला. दहा बाय बाराच्या खोलीच्या भिंती दारं-खिडक्या वजा जाता चारशे चौरस फूट. गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट, म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. तेवढ्या रानात मेथीचा एक वाफा होतो. आणि तेवढ्यावर आम्ही महिना घालवला होता.

घरी आल्यावर ही चिडली. "अंधारकोठडी करायची हाय का? बघाया येणारी काय म्हणतील? अपशकुनी दिसंल." मी तिला बसवलं आणि रात्रीचं सांगितलं. चार तासांच्या झोपेचं. ती ऐकून घेत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मला कधी बोललं न्हाई पोरगं." आणि थोड्या वेळानं, "सासूबाईंनी एकदा माजघर निळं केल्यालं म्हणं ना?" ते तिनं बघितलं नव्हतं, मीच कधी तरी सांगितलं असेन. मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग हुंदे."

रंगारी आला. प्रायमर मारला, पुट्टी भरली, घासली, परत प्रायमर. मग निळा. तीन भिंती झाल्या आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी तो थांबला. हात लावून म्हणाला, "हिच्यात अजून ओल हाय. पाऊस ह्याच बाजूनं झोडपतो. गडद रंग मारला तर महिन्यात क्षार फुटून पांढरे डाग दिसतील. ही एक साल राहू द्या." त्याचं बरोबर होतं. म्हणून तर पूर्वी आम्ही पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याची झड बांधायचो, आणि आतनं चुना. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आली तशी जाते. सिमेंटवरच्या रंगाला ते जमत नाही.

मी म्हटलं, "मग ही अशीच प्रायमरची पांढरी ठेवायची? बरं दिसंल का?"

दारात उभी राहून ही म्हणाली, "दिसू दे. तीन भिंती त्याच्या. चौथी येईल तिला इचारू."

पोरगं खाली मान घालून ब्रश धुवायला गेलं. मीही काही बोललो नाही. चाळीस वर्षांपूर्वी कणगीमागं गोधडी आडवी बांधून जी पोर झोपली, तिला आम्ही कुणी काही विचारलं नव्हतं. गोधडी कुठली बांधायची हेसुद्धा आजीनं ठरवलं होतं.

खिडकीला आतनं फळ्यांची दारं बसवली. एक उघडं ठेवलं तरी वारा येतो. आणि मी वर चढून स्लॅबवर चुना मारला, दोन हात, डिंक घालून. स्लॅब उन्हानं तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडतो. वर पांढरा चुना असला की ऊन परत फिरतं. चुनकळी भिजवताना पिंपातलं पाणी रटरटलं तेव्हा शेजारची पोरं जमली, आणि मी आईसारखाच त्यांच्या अंगावर ओरडलो.

त्यानंतर एक स्थळ येऊन गेलं. मुलगी स्वतः आली होती, आईबाप आणि मामा. खोलीच्या दारात मामा थबकला. "असा हो का रंग?" मी म्हटलं, "रात्रीची लाइट असते. दिवसा झोपायला लागतं. ज्याला झोपायचंय त्यानं ठरवला." मामा हसला. मुलगी काही बोलली नाही, पण तिनं आत जाऊन त्या पांढऱ्या भिंतीकडं बघितलं आणि हिला विचारलं, "ही का राहिली?" हिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. निरोप अजून आलेला नाही. येईल तसा येईल. दोन वर्षांमागं मी रोज फोनकडं बघत बसलो असतो.

आज हे लिहितोय तो रात्रीच्या विजेचा आठवडा आहे. सकाळचे अकरा वाजलेत. पोरगं निळ्या खोलीत झोपलंय, आठापासून. मघाशी कोंबडी दारात ओरडायला लागली, तिला हाकललं. हिनं मिक्सर लावायचा तो पाट्यावर वाटायला घेतलंय. आतनं घोरण्याचा आवाज येतोय. लहानपणी बैलाची घंटी वाजली की आजोबा झोपेतच "हां, हां" म्हणायचे, तसं काही तरी मलाही म्हणावंसं वाटलं. पण म्हटलं नाही. झोपू दे.